गेंड्याच्या वाटेवरची गुरं

बी.एस्सी. झाल्यावर मी आसामात गेलो. गेंड्यांच्या जंगलाकाठी काम करणाऱ्या एका संस्थेला प्राणिशास्त्र शिकलेली मुलं हवी होती. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे ही नोकरी बरी की वाईट, हे विचारायला कोणी नव्हतं. गेंड्यांचा अभ्यास करणार आहे, असं घरी सांगून निघालो.

तिथं माझ्या वाट्याला गुरं आली. जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या गुरांना लस टोचायचं काम. गावची गुरं आणि गेंडे एकाच गवतात चरतात, एकाच पाणवठ्यावर येतात. गुरांना घटसर्पासारखा रोग झाला की तो आत पोचायला वेळ लागत नाही, आणि गेंडे आधीच थोडे उरलेले. हे सगळं मला पटत होतं. तरीही सकाळी लशीची पेटी सायकलला बांधताना मन खट्टू व्हायचं. गेंडा दिसला तर लांबून दिसायचा. उंच गवतात चिखलानं माखलेली पाठ तेवढी.

एकदा एक गाय दावं तोडून जंगलाकडं पळाली. मी लहानपणापासून गुरांमागं हिंडलेला. विचार न करता तिला तांड्याच्या बोलीत हाक मारली. गायीनं कानसुद्धा हलवला नाही. मालकानं त्याच्या भाषेत दोन शब्द म्हटले आणि ती वळली. माणसं हसली, वाईट मनानं नव्हे. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

लस टोचायचा हंगाम संपताना संस्थेच्या साहेबांनी विचारलं, आणखी दोन वर्षं राहतोस का? बापाला विचारून सांगतो म्हणालो. बा बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरला यायचा आणि मी तिथल्या एसटीडी बूथवर फोन करायचो. माझं हे काम त्याला पसंत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

बा मराठीत बोलला. बाजारात आमची माणसं मराठीतच बोलतात. बूथवाला ऐकत असतो, रांगेतले ऐकत असतात.

"गेंडे पाहाया गेलता ना तू? अन् गुरंच राखून राहिला व्हय?"

तिकडं बाच्या मागं कोणीतरी हसलं. मी आमच्या बोलीत सांगितलं, की या गुरांना टोचलं नाही तर गेंडेही मरतील. मग विचारलं, राहू की येऊ? आणि थांबलो.

"तुला बराबर वाटते ते कर," बा मराठीतच म्हणाला. "हिकडची काळजी करू नको."

तलाठ्याशी बोलताना तो असाच आवाज लावायचा. त्यात राग होता की कौतुक, मला ओळखता येईना. आमच्या बोलीत एक शब्द बोलला असता तरी कळलं असतं.

मी साहेबांना होकार दिला.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाला नीट विचारायचं ठरवूनच गेलो होतो. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. बा आमच्याच बोलीत, मोकळेपणी बोलत होता, पण हळदीचं. औंदा कंद कसा पोसला, शिजवायला कोणाची कढई मिळाली. तो थांबला तेव्हा मी तोंड उघडलं, आणि यंदा हळदीला भाव काय येईल ते विचारलं.