सायकलीवरून एका गावाला प्रदक्षिणा

वेंगुर्ल्यात मोटारीच्या कॅरियरवरून सायकली उतरवल्या, पहिला मोठा श्वास घेतला, आणि नाकात शिरला तो काजूचा वास. काजूगराचा नव्हे, बोंडूचा (काजूचं फळ, बी याच्याच टोकाला लटकलेली असते). पिकून झाडाखाली पडलेले लाल-पिवळे बोंडू उन्हात जरासे आंबले होते. मी कोल्हापूरची. आमच्या गल्लीत भरदिवसा असा वास आला तर शेजारी काय चाललंय याची चौकशी होते. इथे अख्ख्या डोंगराला तो येतो आणि कोणी काही बोलत नाही.

मी सत्तावन्न वर्षांची, आमचे विश्वासराव बासष्टचे. गिअरच्या सायकली मुलीने घेऊन दिल्या. गुडघ्यांसाठी, असं ती म्हणाली. वर्षभर आम्ही रंकाळ्याला फेऱ्या मारल्या आणि मग विश्वासरावांनी जाहीर केलं की आता कोकण करायचं. मार्ग त्यांनी स्वतः आखला. वेंगुर्ले, पिंगुळी, कसाल, मालवण, कुणकेश्वर आणि आल्या वाटेने परत, असे पाच दिवस. मोबाइलवर ती रेघ पाहिली आणि मला हसूच आलं. रेघेच्या बरोबर कुशीत, कर्लीच्या खाडीवरच्या पुलाला लागून एक गाव होतं, आणि रेघ त्याला वळसा घालून गेली होती. ते यांचं स्वतःचं गाव. तिथे यांचे थोरले भाऊ राहतात.

दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नाही. कारण गणपती. यांच्या घरी चतुर्थीला गणपतीच्या शाळेतून (मूर्ती घडवतात ती जागा) मूर्ती डोक्यावरून घरी आणायचा मान धाकट्या भावाचा. त्या वर्षी आमची बस घाटात अडकली. आम्ही पोचलो तेव्हा मूर्ती मखरात बसलेली होती, शेजाऱ्याच्या डोक्यावरून आलेली. दादा म्हणाले, मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. हे म्हणाले, मग पुढच्या वर्षी माझा गणपती माझ्या घरी. गणपती वेगळा करणं म्हणजे कोकणात घर वेगळं करण्यापेक्षा मोठं. दोघांनीही शब्द मागे घेतला नाही. तेव्हापासून आमच्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा गणपती येतो, आणि आरतीला विश्वासरावांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा असतो.

तर या सहलीत काय पाहायचं ते मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. समुद्र मी पूर्वी पाहिला आहे. हा माणूस त्या गावात शिरतो की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.

वेंगुर्ल्याहून पिंगुळीचा रस्ता सारखा चढतो आणि उतरतो. चढावर मी सायकल हातात धरून चालत होते, आणि विश्वासराव जिद्दीने पायडल मारत माझ्याच वेगाने येत होते. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा. एका बागेत एक बाई वाकून बोंडू गोळा करत होती. बी पिळून टोपलीत, फळ बाजूला.

"खंय चललास?" तिने विचारलं.

"पिंगुळीला," विश्वासराव म्हणाले.

"सायकलीर? कित्याक, गाडी नाय काय?" आणि लगेच खरा प्रश्न, "तुमी कोणाचे?"

या मुलखात गाव विचारत नाहीत, माणूस कोणाचा ते विचारतात. विश्वासराव शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "आम्ही कोल्हापूरचे." बाईने त्यांच्या नाकाकडे नीट पाहिलं आणि परत वाकली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पिंगुळीला आम्ही चित्रकथी पाहिली. जुन्या कागदांवरची चित्रं एकामागून एक दाखवत कथा सांगायची, अशी ही कला. सांगणारे गृहस्थ सत्तरीचे, आवाज खणखणीत. त्या दिवशी नेमकी भरतभेट निघाली. राम वनात, भरत भेटायला आलेला, दोघे गळ्यात गळा घालून रडताहेत. मी शेजारी पाहिलं तर खुर्ची रिकामी. विश्वासराव अंगणात सायकलचं चाक दाबून पाहत होते.

"हवा बघत होतो," ते म्हणाले.

"बघा. रामायणात थोरला वनात जातो. आपल्याकडे धाकटा गेला, आणि तोही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वनात."

ते हसले नाहीत. ते गृहस्थ मात्र हसले. त्यांनीही यांच्या नाकाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पिंगुळीबाहेरच्या तिठ्यावर सरळ रस्ता मालवणला जात होता, यांच्या गावावरून. विश्वासरावांनी "तिकडे चढ फार" म्हणून हायवे धरला. हायवेला कसालपर्यंत इतके चढ होते की कुठला रस्ता बरा, हे मी मोठ्याने विचारत राहिले. मालवणात खाणावळीच्या मालकीणबाईंनी बांगड्याचं तिखलं वाढलं, सोलकढी दोनदा भरली आणि विचारलं, "तुमी कोणाचे?" विश्वासरावांनी तोंडात काटा गेल्याचं सोंग केलं.

तिसऱ्या दिवशी आचऱ्यावरून कुणकेश्वर. देवळाच्या पायऱ्यांखालीच समुद्र. वारा एवढा की हेल्मेट हातात धरावं लागलं. विश्वासराव गाभाऱ्यासमोर बराच वेळ डोळे मिटून बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंत?"

"पायांना बळ."

"तेवढं आहे हो. नेमकं कुठल्या दिशेला हवंय ते सांगितलंत का?"

यावर ते एकटेच वाळूत लांबवर चालत गेले. मी शहाळं प्यायले. पाठमोरे ते दादांसारखेच चालतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि वाईट वाटलं. चेष्टा करून करून मीही दमले होते.

चौथ्या दिवशी परत मालवण. पाचव्या दिवशी सकाळी विश्वासराव नकाशा उघडून म्हणाले, "तर आता कसालवरून."

"कसालवरून तुम्ही जा," मी म्हटलं. "मी पुलावरून जाते. माझे गुडघे माझे आहेत."

ते पुलाच्या वाटेला लागले, पण माझ्या मागून, अगदी हळू. वाटेत एका बागेपाशी म्हातारी नीरो विकत होती. नीरो म्हणजे बोंडूचा ताजा रस, गोड आणि घशाला किंचित कातरणारा. विश्वासराव लहानपणी तो बादलीने प्यायलेले. त्यांनी पाण्याची बाटली रिकामी करून त्यात नीरो भरून घेतला.

"आताच पिया," म्हातारी म्हणाली. "दुपारपर्यंत ठेवलास तर मगे आमका सांगू नकात."

"आजी, मी हयलोच," विश्वासराव म्हणाले. पाच दिवसांत त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला मालवणी शब्द.

हयल्या, म्हणजे इथल्याच, माणसाने बाटली सायकलीला लावून चार तास उन्हात तापवली. ही चूक माझ्यासारखीने केली असती तर सोडून दिली असती. पुलाच्या तोंडाशी त्यांनी झाकण फिरवलं आणि ते फटकन उडून खाडीत गेलं. आतला रस फसफसत होता. "जरा आंबट झालाय," असं म्हणत या निर्व्यसनी माणसाने अर्धी बाटली संपवली. थोड्या वेळाने ते कठड्याला टेकून बसले आणि खाडीकडे बघत मालवणीत बोलायला लागले. इथे पोहायला कसे शिकले. दादांनी कसं पाण्यात ढकललं, आणि स्वतःच मागून उडी कशी मारली.

मग म्हणाले, "दादान फाटकातसूनच परत धाडल्यान तर?"

"तर परत जाऊ. सायकली आहेतच की."

ते उठले. सायकल सरळ चालवता येईना, म्हणून हातात धरून निघाले. मीही उतरले. पूल ओलांडून डावीकडची पाणंद, चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण), आणि ते फाटक.

दादा खळ्यात (घरापुढचं सारवलेलं अंगण) बसून ओले काजू सोलत होते. हाताला राख लावलेली, समोर टोपली. त्यांनी मान वर केली नाही.

"मागच्या चाकात हवा कमी आसा," ते म्हणाले.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"पंप आसा माझ्याकडे."

"मगे मार."

विश्वासराव उकिडवे बसून हवा मारायला लागले. जाऊबाई गुळाचा खडा आणि पाणी घेऊन बाहेर आल्या, माझा हात धरून मला आत नेलं आणि चुलीपाशी हसत हसत डोळे पुसले. "पाच दिवस ह्यांका एकच काम," त्या म्हणाल्या. "भाव आज खंय पोचलो, आज खंय पोचलो. पिंगुळीसून फोन, मालवणसून फोन, कुणकेश्वरासून फोन. तो कसालवरून गेलो असा कळला, त्या दिवशी जेवले नाय."

म्हणजे आमची प्रदक्षिणा सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. यांचं ते दादांसारखं नाक पुढे जात होतं आणि आम्ही मागून.

जेवायला ओल्या काजूची उसळ, घावणे आणि सोलकढी. दोघे भाऊ शेजारी बसले आणि टायर, गिअर, यंदाचा मोहर यांवर बोलले. चतुर्थीचं नाव कोणी काढलं नाही. ऊन उतरलं, आम्हाला वेंगुर्ले गाठायचं होतं. विश्वासरावांनी हेल्मेट चढवलं. मला वाटलं, झालं, अकरा वर्षांनी आलो ते चाकात हवा भरूनच चाललो.

तेवढ्यात दादा आतून नारळ घेऊन आले. तुळशीपुढे ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. एकाने मागायचं, आणि ऐकणाऱ्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून ते आपलंही करायचं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात इली, त्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघे म्हणालो.

"हेच्या सायकलीक, हातापायांक बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दादा क्षणभर थांबले. नजर नारळावरून हलली नाही. "हेच्या डोक्यार जो काय राग बसलो आसा, तो उतरव, आणि येत्या चवथीक त्याच डोक्यार बसान तू घराक ये रे म्हाराजा."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी या माणसाच्या वतीने उत्तरं देत आले. लग्नाची आमंत्रणं, डॉक्टरांचे प्रश्न, सगळं. त्या वेळी मी ओठ घट्ट मिटून घेतले.

विश्वासरावांनी हेल्मेटचा पट्टा सोडला. ते काढून काखेत धरलं, आणि मोकळ्या डोक्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

दादा अजून थांबलेलेच होते.

"आणि थोरल्याक वाट बघूची अक्कल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," विश्वासराव लगेच म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात. मग दोघेही हसले, आणि दादांनी नारळ फोडला.

वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत अंधारून आलं. शेवटचे चढ विश्वासरावांनी न उतरता मारले. दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापुरात. पाच दिवसांत काय पाहिलं, असं शेजारणींनी विचारलं तर मी कुणकेश्वर सांगते, चित्रकथी सांगते. माणूस इतका लांबचा वळसा घालतो तो जवळच पोचण्यासाठी, हे काही जिन्यात उभं राहून सांगता येत नाही.

आल्याला आठवडा झाला. सकाळी चहा घेऊन बाल्कनीत गेले, तर विश्वासराव डोक्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन, मान ताठ ठेवून फेऱ्या मारत होते. मला पाहून म्हणाले, "मानेचा व्यायाम."

मूर्ती केवढी जड असते ते मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात दहा किलोची पिशवी काढून ठेवणार आहे.