अखाजीला न आलेली मुलगी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ऑफिसात माझं नाव होतं ते नियम पाळणारा म्हणून. थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करणं हे आमचं काम. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, शिवी नाही, आणि कर्जाची गोष्ट नातेवाइकांकडे काढायची नाही. शेवटचा नियम मी एकदा मोडला. तोही गोड बोलून.

सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला एक कामगार होता. मुलीच्या लग्नात दिलेला फ्रिज त्याने हप्त्यांवर घेतला होता. मिलमधलं काम कमी झालं आणि हप्ते थकले. मी अहिराणीत बोललो तसा तो मोकळा झाला. "भाऊ, तुम्ही तं आपलाच माणूस निंघनात!" मग आपल्याकडे विचारतात तसं मीही विचारलं, गाव कोणतं, पोरगी कुठे दिली. त्याने कौतुकाने सांगितलं. त्या गावात माझा मावसभाऊ राहतो. दुपारपर्यंत व्याह्यांचा नंबर माझ्याकडे आला.

व्याह्यांना मी एवढंच म्हणालो, "तुमचे सुरतचे व्याही फोन उचलत नाहीत. फ्रिजच्या हप्त्यांचं काम होतं, जरा निरोप द्या." मनात म्हटलं, यात धमकी कुठे आहे?

आठवड्यात सगळी थकबाकी भरली गेली. साहेबांनी पाठ थोपटली.

अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाल्यावर त्याचाच फोन आला, पावतीसाठी. बोलता बोलता म्हणाला, पोरगी आली नाही. लग्नानंतरची तिची पहिली अखाजी; या सणाला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आईने गॅलरीत झोका बांधून ठेवला होता. हा आणायला गेला, तर व्याही दारातच म्हणाले, "फ्रिज हप्त्यानं दिला ना? मग पोरगीबी हप्त्यानंच धाडू." ओट्यावर बसलेले सगळे हसले.

"त्यास्ले कोनी सांगं, तेच समजत नही," तो म्हणाला. "तुमच्यावर संशय नही हां, भाऊ. तुम्ही तं सातनंतर कधी फोनबी केला नही."

मी म्हणालो, "बघतो, कोणी केलं ते." आणि पावती पाठवली.

तक्रार केली असती तर नियम त्याच्याच बाजूने होता. पण तक्रार कोणाची करायची, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. पुढे मी ती नोकरी सोडली. पश्चात्तापाने नाही, दुसरीकडे पगार बरा मिळाला म्हणून.

तो फोन मी केला होता, हे मला त्याला सांगायचं आहे. मग व्याह्यांच्या ओट्यावर, त्याच माणसांसमोर, तेच पुन्हा सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून त्याचं येणं आहे. अजून दिलेलं नाही.