दुकानात न मिळणारं औषध

"डॉक्टर, किंमत बोला. दिल्लीहून मागवू, न्हाय तर दुबईहून."

बापूसाहेब माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. महापालिकेच्या हद्दीत आलेल्या धायरी गावातलं जुनं जमीनदार घर. मी इथं दवाखाना थाटला तेव्हापासूनची ओळख. शेजारी मास्क लावून त्यांची मुलगी साक्षी बसली होती. जिल्ह्याच्या कबड्डी संघातली, चढाईला जाणारी पोरगी. तिच्या थुंकीचा रिपोर्ट आला होता : एमडीआर टीबी. म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग.

त्यावरचं नवं औषध दुकानात मिळतच नाही. सरकारी कार्यक्रमातूनच मिळतं, आणि फुकट मिळतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे म्हापालिकेच्या दवाखान्यात? अहो, तो आमच्याच जागेवर उभा हाय. तिथं पोरीला रांगेत उभी करू? गाव काय म्हनंल? लगीन करायचंय तिचं."

मला राग आला. पोरीची फुप्फुसं चालली होती आणि यांना गावाची पडली होती. पण ओरडलो असतो तर ते उठून गेले असते आणि साक्षी मला पुन्हा दिसली नसती.

"डॉक्टर, मी परत खेळीन का?" तिनं विचारलं.

"औषध वेळेत सुरू झालं तर," मी म्हणालो. नक्की सांगायची माझी हिंमत नव्हती.

दुपारी मी महापालिकेच्या टीबी विभागात डॉ. नेर्लेकर मॅडमसमोर जाऊन बसलो.

"तिचं औषध माझ्या दवाखान्यात ठेवा. रोज माझ्यासमोर घ्यायला लावतो."

"वा. आज प्रायव्हेटवाल्यांना आमची आठवण झाली."

"मी माझा प्रत्येक टीबी पेशंट कळवतो, मॅडम."

"तुम्ही कळवता हो. तुमच्या रस्त्यावरचे बाकीचे?"

टीबीचा पेशंट सरकारला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण कळवलं की महापालिकेची माणसं घरी जातात, शेजारी डोकावतात आणि पेशंट डॉक्टरवरच चिडतो. म्हणून बरेच जण टाळतात. मॅडमनी अट घातली : बाकीच्या डॉक्टरांना मी तयार करायचं. मी उलटी अट घातली : त्यांच्या सिस्टरनी साध्या कपड्यांत आमच्या दवाखान्यात येऊन पेशंटला भेटायचं. सौदा पटला.

सुरुवातीच्या तपासण्या मात्र सरकारी हॉस्पिटलातच झाल्या. मॅडम स्वतः साक्षीबरोबर तिथं थांबल्या. बापूसाहेब गाडीतून उतरले नाहीत.

मग गोळ्या सुरू झाल्या. मळमळ, पायांना मुंग्या, रडारड, सगळं झालं. हे औषध हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून मी अधूनमधून ईसीजी काढत होतो. एकदा तो बिघडलेला निघाला. पूर्वी अशा वेळी मी चिठ्ठी देऊन पेशंट पुढं पाठवला असता, आणि तो दोन दवाखान्यांच्या मध्येच कुठंतरी हरवला असता. या वेळी ईसीजीचा फोटो लगेच मॅडमना गेला आणि थोड्याच वेळात त्यांच्या तज्ज्ञांचा फोन आला. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं होतं. ते सावरलं आणि कोर्स मोडला नाही.

कोर्स संपला. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी वेटिंग रूममध्ये जाऊन मोठ्यानं सांगितलं. डॉक्टरनं असं करू नये, पण केलं.

पुढच्या मोसमात साक्षी मैदानात उतरली. एका दमात चढाई करून दोन गडी टिपून परतली. मॅडम आणि मी कडेला लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होतो. बापूसाहेबांनी मॅडमना हाताला धरून सगळ्या गावकीपुढं नेलं.

"ह्या म्हापालिकेच्या डॉक्टर. माझ्या पोरीचा टीबी ह्यांनी बरा केला."

मी शेजारीच उभा होतो. माझं नाव त्यांना आठवलं नाही.

त्यानंतर गावात कोणी खोकलं की बापूसाहेब त्याला थेट मॅडमकडं धाडतात. सहकार्य फार चांगली गोष्ट आहे. त्यात आपला धंदा थोडा बसतो, एवढं नव्या डॉक्टरांनी धरून चालावं.