खारबावला उभी राहिलेली राजागाडी

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळा, तिच्यामागे माणसं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. नवरा मुद्दाम कळवळतो, बायका हसतात, भावाच्या खांद्यावर नवा टॉवेल पडतो.

माझ्या बहिणीला मी एकटाच भाऊ. दहावीनंतर ती काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागली, म्हणून मला भिवंडीत कॉलेज करता आलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मात्र तिने एक अट घातली. "कान दादानेच पिळायचा. दुसऱ्या कोणी मध्ये हात घालायचा न्हाय."

मी तेव्हा परदेशी पाहुण्यांना देश दाखवणाऱ्या एका शाही रेल्वेगाडीवर कामाला होतो. एका डब्यात चार खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर. सकाळी चहा देणं, पलंग आवरणं, बूट पुसणं, पाहुणे किल्ला बघून परतले की गार ओला रुमाल पुढे करणं, हे माझं काम. अंगात सोनेरी बटणांचा कोट आणि डोक्याला शिवलेला फेटा. त्या नोकरीने मला पुष्कळ दिलं. इंग्रजी सुटलं, उदयपूर पाहिलं, ताजमहाल पाहिला. वडील गावात सांगत, "पोरगा राजागाडीवर साहेब हाय." मी ते कधी खोडलं नाही.

मुहूर्त काढायच्या आधी वडिलांनी माझी सुट्टी विचारून घेतली होती. आमची फेरी रविवारी सकाळी मुंबईला संपणार होती. मग भटजींकडून त्याच रविवारचा दुपारचा मुहूर्त काढून आणला. मी म्हटलं, गाडीला उशीर झाला तर?

"उशीर पॅसेंजरला होतो," वडील म्हणाले. "एवढी भारी गाडी, तिला कोण अडवील?"

घरात सगळ्यांना ते पटलं. मी परत परत सांगितलं, पण माझं बोलणं नव्या नोकरीतल्या माणसाच्या काळजीसारखं वाटलं असावं. खरं होतं ते उलटंच. वेळापत्रकातल्या गाड्या रेल्वेच्या घरच्या, आमची गाडी पाहुणी. पाहुणीला ओसरीवर बसवून घरची माणसं पुढे निघून जात.

त्या रविवारी गुजरातेतच दुसऱ्या गाड्यांसाठी आम्हाला बाजूला काढलं. उजाडलं तेव्हा वसईसुद्धा आली नव्हती. पाहुण्यांना नाश्ता वाढताना माझं लक्ष सारखं खिडकीबाहेरच्या पाट्यांकडे जात होतं. वसईहून गाडी दिव्याच्या लाइनला लागली. कामण गेलं, आणि खारबावला येऊन ती बाजूच्या रुळावर उभी राहिली.

खारबाव म्हणजे आमचंच स्टेशन. रुळांपलीकडे भातकापणी झालेली शेतं आणि शेतांपलीकडे आमची आळी. मांडवाचं लाल-पिवळं कापड मला जेवणाच्या डब्याच्या खिडकीतून दिसत होतं. बॅन्जो वाजत होता.

मोबाइल वाजला. वडील होते. "कुठवर आलास?"

"खारबावला."

"खारबावला? मग ये ना. मुहूर्त जवळ आलाय."

"उतरता येत नाही, बाबा."

"गाडी उभी हाय ना? मग उतर."

विचारून सांगतो म्हणून मी फोन ठेवला. माझ्या डब्यातला दुसरा सेवक तापाने अहमदाबादला उतरला होता. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते निवृत्तीला आलेले, भल्या स्वभावाचे गृहस्थ होते. मला मुलाखतीत त्यांनीच निवडलं होतं. त्यांनी खिडकीतून मांडव पाहिला.

"बेटा, मैं ना नहीं बोल रहा," ते म्हणाले. "तू बता, तेरा डिब्बा कौन देखेगा? सिग्नल अभी हो गया तो? मुंबई में मेहमानों का सामान किसके हवाले करूँ?"

ते रागावले असते तर कदाचित मी उतरलोही असतो. पण ते खरंच माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.

माझ्या डब्यातल्या एका वृद्ध बाईंनी विचारलं, तिथे कसला उत्सव आहे? मी म्हटलं, लग्न. कुणाचं? माझ्या बहिणीचं, मी सांगून टाकलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, मला खिडकीशी उभं केलं आणि मांडव मागे दिसेल असा फोटो काढला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. कॅमेरा खाली घेऊन त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इथे कसे?" मी हसलो. त्यांच्यासमोर नेहमी हसायचो तसाच.

पुन्हा फोन आला. मागे मंगलाष्टकं सुरू झाली होती. "थांबवू का जरा?" वडिलांनी विचारलं.

"नको. सुटेल कधी ते कोणालाच माहीत नाही."

"चुलतभावाला पुढे करू?"

"करा."

थोडा वेळ कुजबूज ऐकू आली. मग वडील हळू आवाजात म्हणाले, "ती मान हलवते. न्हाय बोलते."

"तिला द्या फोन."

"नवरीला फोन कसा देऊ रे? हातात हार हाय तिच्या."

तेवढ्यात मधल्या रुळावरून कंटेनरची मालगाडी आली. आवाजात वडिलांचं पुढचं बोलणं बुडालं. दोन कंटेनरांच्या फटीतून मांडवाचं कापड दिसे आणि जाई. मालगाडी संपली तेव्हा बॅन्जो जोरात वाजत होता. लग्न लागलं होतं. आमचा सिग्नल तरीही लालच होता. जेवणाच्या डब्यातून प्लेटा उचलायला बोलावणं आलं, तसा मी गेलो.

मुंबईत सामान उतरवून मी परत गावी पोचेपर्यंत पाठवणी झाली होती. आईने कपडे बदलायला लावले आणि वडिलांनी मला काल्हेरला तिच्या सासरी नेलं. कोणी कान पिळला नव्हता. भटजी थोडा वेळ थांबले आणि पुढच्या विधीला लागले, असं वडिलांनी वाटेत रिक्षात सांगितलं. मला दोष दिला नाही. "एवढी भारी गाडी," एवढंच दोनदा म्हणाले.

जावई सज्जन निघाले. मला पाहताच खुर्चीवरून उठून त्यांनी मान पुढे केली. "घ्या दादा, तुमचं राहिलंय."

"पिळा चांगला," त्यांची आत्या ओरडली. "आता काय सिग्नल न्हाय तुम्हाला." बायका खो खो हसल्या.

मी त्यांचा कान चिमटीत धरला. घर त्यांचं, ओटा त्यांचा, सभोवती सगळी त्यांचीच माणसं. आमच्या दारात हा कान मी जोरात पिळला असता. इथे बोटं आवळेनात.

"दुखलं का?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

बहीण हसली नाही. हळदीने पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे पाहत होती. मग एखाद्या पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली, "दादा, जेवून जा."