वरच्या खोलीतल्या मुलीचा अर्ज

मुलांनो, वरची खोली जूनमध्ये रिकामी होणार म्हटल्यावर तुम्ही फोनवर टाळ्या वाजवल्यात. सुट्टीत आलात की ती तुम्हालाच मिळेल. पण ती का रिकामी होते आहे, ते क्रमाने लिहून ठेवते. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

निशातगंजच्या आपल्या घराची ती खोली दोन वर्षांपूर्वी मी टांझानियाहून आलेल्या एका मुलीला भाड्याने दिली. ती इथे आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. करते. परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत सरकारी फॉर्म भरावा लागतो. मी तो पहिल्याच दिवशी भरून प्रत फाइलला लावली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मैडम, अफ्रीकन रखेंगी?" मी म्हटलं, "किरायेदार रखूँगी." मुलगी मला दादी म्हणते. हिंदी तुमच्याहून बरी बोलते.

विद्यार्थी म्हणून आलेल्या परदेशी माणसाला इथे नोकरी करता येत नाही. शिष्यवृत्तीत तिचं भागेना, म्हणून ती चौकाजवळच्या एका कन्सल्टन्सीत जाऊ लागली. परदेशी कॉलेजांत प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो, असं सांगणारं दुकान आहे ते. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. कोणी नवखं आलं की मालकीणबाई सांगत, "ये तो मेरी बेटी की सहेली है." तिचं काम म्हणजे बड्या घरच्या मुलांच्या अर्जांना लागणारे निबंध लिहिणं. मी कोण, मला का शिकायचं आहे, हे त्या मुलांच्या वतीने ही लिहायची.

हे मला माहीत होतं. आधीच कबूल करते, मागाहून सबबी नकोत. ती कच्चे निबंध घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलाशी बसून मी त्यांचं इंग्रजी सुधारून द्यायचे. तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात मी तेच केलं होतं. लिहिलेलं खरं की खोटं, हे तेव्हाही विचारलं नाही. आणि कोणीतरी पुन्हा कागद घेऊन माझ्याकडे येतंय, याचं मला फार बरं वाटायचं.

हिवाळ्यात तिने एक निबंध आणला. गोमतीच्या काठी आई तळलेले मासे विकते. दहा वर्षांचा मुलगा वस्तीतल्या बायकांना सरकारी कचेरीसाठी अर्ज लिहून देतो. अर्जांना माशांचा वास येतो, म्हणून कारकून ते दोन बोटांच्या चिमटीत धरतो. वाचून मी थक्क झाले. पाच-सहा वाक्यं अडखळत होती, तेवढी बदलून दिली. तो निबंध ज्याच्या नावावर गेला, त्या मुलाच्या वडिलांचं गाड्यांचं शोरूम आहे.

मार्चमध्ये तिने स्वतःचा अर्ज आणला. परदेशात लोकप्रशासन शिकायचं होतं तिला, आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. निबंधात गोमतीच्या जागी एक मोठं सरोवर होतं, बोटींचा धक्का होता. पण आई तीच, मासे तेच, कारकुनाची बोटंही तीच.

"ये तो वही है," मी म्हटलं.

"नहीं दादी, वो झूठ था. ये मैं हूँ."

मग तिने सांगितलं. शोरूमवाल्या मुलाकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तीन वेळा गोव्याला जाऊन आला होता, एवढंच. निबंध तर संध्याकाळपर्यंत हवा होता. मालकीणबाई म्हणाल्या, "कुछ इमोशनल चाहिए. अपना ही डाल दो, तुमसे कौन पूछने वाला है?" तिने टाकलं. आता स्वतःसाठी जुना कागद न बघता सगळं नव्याने लिहिलं होतं. तिचंच आयुष्य, तिचाच हक्क, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. मी सुधारून दिलं.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाची मेल आली. ही कन्सल्टन्सी सगळ्यांना तिकडेच अर्ज करायला लावते. त्या मुलाचा अर्ज आधीच पोचून मंजूरही झाला होता. मेलमध्ये लिहिलं होतं, तुमच्या निबंधातली सहा वाक्यं दुसऱ्या एका अर्जाशी शब्दशः जुळतात, तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज रद्द. वाक्यं पिवळ्या रंगात दाखवली होती.

मी ती वाक्यं पुन्हा वाचली. सहातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. सगळी माझी होती. ती दोन्ही वेळा त्याच जागी अडखळली आणि मी दोन्ही वेळा तशीच सुधारणा केली. एवढी वर्षं मी इंग्रजीच्या ज्या शिस्तीचा तोरा मिरवला, तिनेच या मुलीला चोर ठरवलं.

"मी लिहिते त्यांना," मी म्हटलं. "दोन्ही निबंध माझ्याकडे आले होते, वाक्यं माझी आहेत."

ती शांतपणे म्हणाली, "और वो पूछेंगे, लड़के का निबंध आपके पास कौन लाया?"

त्याचं खरं उत्तर म्हणजे तिच्या चोरट्या नोकरीची कबुली. व्हिसा गेला असता, आणि बी.ए.ची शेवटची परीक्षा तोंडावर होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कन्सल्टन्सीत गेले. दारावर मोठा बॅनर होता, 'आपकी कहानी, आपकी उड़ान'. मालकीणबाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, एवढंच लिहून द्या की त्या मुलाचा निबंध तुम्ही थेट माझ्याकडे तपासायला पाठवला होता. मुलीचं नाव येऊच नये.

"कौन सी लड़की, आंटीजी? हमारे यहाँ तो कोई फॉरेनर काम नहीं करती."

"तुमच्या समोरच्या खुर्चीवर रोज बसते ती."

बाई हसल्या. "आप बड़ी हैं, क्या कहूँ. पर बात बढ़ेगी तो मुझे भी एक फोन करना पड़ेगा. आपकी किरायेदार के बारे में."

चहा तसाच टाकून मी उठले. जिना उतरताना मला एक कळलं. मुलीच्या नावाची नोंद त्या बाईने टाळली ती तिला वाचवायला, असं मी उगीच समजत होते. नोंद नाही म्हणूनच ती बाई तिची आई विकू शकली, आणि वर धमकीही देऊ शकली. आणि पूर्ण शिष्यवृत्ती कोणाला? ज्याचे वडील दर दिवाळीला गाडी बदलतात त्या मुलाला. मिठाईचे डबे वाटले त्यांनी.

मुलीने तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर बसून दोन ओळींची मेल लिहिली. मी माझा अर्ज मागे घेते. कारण दिलं नाही. पाठवली आणि परीक्षेची पुस्तकं उघडली. परीक्षा झाली की जूनमध्ये ती आपल्या देशी परत जाणार.

मी बोलतच राहिले. त्या बाईला, तिच्या दुकानाला, विद्यापीठाच्या त्या पिवळ्या रंगाला, स्वतःला, जे तोंडाला येईल ते. मग तिच्यावरही ओरडले, तुला राग कसा येत नाही?

तिने पान उलटलं. "दादी, गुस्सा आप कर लीजिए. मुझे कल जून तक वीज़ा बढ़वाने विदेशियों के रजिस्ट्रेशन दफ्तर जाना है. वहाँ मुस्कुराना पड़ता है."