माणसांच्या दवाखान्यात शेळ्यांची तक्रार

माझ्या मोठीमायइतकं शेळ्यांचं ऐकणारं आणि माणसांचं न ऐकणारं माणूस अख्ख्या वडवणी तालुक्यात सापडायचं नाही. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. घरातली बाकी मंडळी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. ही जात नाही, कारण कारखान्याकडचं पाणी शेळ्यांना मानवत नाही. शेळ्यांना तिनं नातीगोती आणि पदंही दिली आहेत. एक जाऊबाई, एक नणंदबाई, आणि सगळ्यांवर शिंगं उगारणारी काळी सरपंचीण. खऱ्या नणंदेशी तिचा अबोला आहे, पण या नणंदबाईच्या पायात काटा मोडला तर हिला घास उतरत नाही. गावात कुणाचीही शेळी अडली की बोलावणं हिलाच. बांगड्या वर सारून ती उघड्या हातांनी करडू सोडवायची, हात पदराला पुसायची आणि त्याच हातांनी भाकरी मोडायची. दूध तापवणं तिला दुधाचा अपमान वाटे. पाहुणा टेकला की शेळीखाली तांब्या धरून निरसं, फेसाळ दूध त्याच्या पुढ्यात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बीडला बीएस्सीला गेल्यावर मी एकदा भीत भीत म्हटलं, "मोठीमाय, दूध उकळून पीत जावं." ती म्हणाली, "करडं उकळून पेतेत का गं? मेलं का एखांदं?"

मग तिलाच ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग फणफणायचं, रात्री घामानं वाकळ भिजायची आणि सकाळी ही शेळ्या घेऊन डोंगराला. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. सुया झाल्या, सलाईन झालं, मलेरिया आणि टायफॉइड तपासून झाले. काही निघालं नाही. शेवटी कंबर धरली आणि भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येईना. तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "आता बास. शेळ्या बाजारात इकून टाकतो." मोठीमाय त्या तापात उठून बसली. "आधी मला नेऊन इका. बघू कोण घेतंय." तात्यांनी खरंच विचार केल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. पण ठरलं ते ठरलं: बीडला नेऊन गुण आला नाही, तर कळप जाणार.

बीडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, काय होतंय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय! आमची सरपंचीण, काळी शेळी हो, तिनं गाभ टाकला. तिच्यामागून नणंदबाईनं. जार अडकला व्हता, म्या हातानं काढला."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ह्या माणसांच्या डॉक्टर हायत! कावून शेळ्यांचं लावलंस?"

"डॉक्टर हायत ना? मग झालं! माझं मी कवाबी सांगते. त्यांना कुठं बोलता येतंय?"

मी शरमेनं फरशीकडे पाहत होते. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. आणखी कुणी गाभ टाकला का? जार काढताना हातात काही घातलं होतं का? दूध तापवून पिता का? मोठीमाय खुललीच. एवढ्या शिकलेल्या माणसानं तिच्या शेळ्यांची इतकी चौकशी कधी केली नव्हती. तिनं ताप सोडून सगळं सांगितलं. ताप आम्ही सांगितला.

रक्त तपासल्यावर निघालं ब्रुसेलोसिस. गाभ टाकलेल्या शेळीच्या जारातून, म्हणजे वारेतून, आणि निरशा दुधातून माणसात येणारा जंतू. "शेळ्यांचं सांगितलं नसतं, तर मी अजून भलतीकडेच शोधत असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मोठीमायनं तात्यांकडे असं पाहिलं, की ते तहान लागल्याचं सांगून बाहेर गेले.

गोळ्या बरेच आठवडे चालल्या, तिनं एकही चुकवली नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी कळप तपासला. सरपंचीण आणि नणंदबाई, दोघींना कळपातून काढावं लागलं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. पण बाकीच्या वाचल्या, तिचा ताप हटला, कंबर सुटली आणि एके सकाळी डोंगराच्या वाटेवर पुन्हा तिची आरोळी ऐकू आली. तात्या अंगणात उभे राहून म्हणाले, "आली बया ताळ्यावर," आणि डोळे पुसत आत गेले. आता ती दुधाला उकळी फुटेपर्यंत चुलीपासून हलत नाही, शेजारणीच्या चुलीपासूनसुद्धा. निरसं दूध मागणाऱ्या पाहुण्याला विचारते, "लई घाई हाय का बीडच्या दवाखान्याची?"

परवा एक पहिलारू शेळी, पहिल्याच वेताची, व्यायला झाली. मोठीमायनं तोंडाला फडकं बांधलं, लांब हातमोजे चढवले आणि अख्ख्या आळीदेखत करडू सुखरूप सोडवलं. मग साबणानं हात धुऊन ती जरा लांब, दगडावर येऊन बसली.

"आधी माझ्या हाताचा वास लागायचा गं त्यांना," ती हळूच म्हणाली. "ह्याला रबराचा लागला. मला वळखंल का?"

"वळखंल की," मी म्हटलं.

करडू लटपटत उठलं आणि आईच्या कासेला ढुसण्या देऊ लागलं. मोठीमाय लांबूनच, फडक्याआडून, त्याला हाका घालत राहिली.