दाराबाहेरचा शाहीर

जगात गुपित म्हणून काही शिल्लक राहू नये, अशी देवाची इच्छा असावी. म्हणूनच त्यानं आमचे आतोबा घडवले. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कामाला होते. सगळे साचे एकदम खडखडायला लागले की तिथं माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही म्हणतात. त्यामुळे त्यांच्या गळ्यात दोनच पट्ट्या उरल्या होत्या : एक गर्जना आणि दुसरी पूर्ण शांतता. एकदा गिरगावात आमच्याकडे जेवायला आले असताना ते आईच्या कानाशी वाकून कुजबुजले, "वहिनी, आमटीत मीठ जरा पुढं गेलंय." थोड्याच वेळात पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू सोललेला बटाटा घेऊन दारात हजर! "घाला आमटीत, मीठ ओढून घेतो."

त्यांच्या शांततेतही बोलणं भरपूर असे. साच्यांच्या गदारोळात ही गिरणीतली मंडळी एकमेकांचे ओठ वाचत, आणि संसारात राहून आत्यानंही ती विद्या उचलली होती. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दोघं मांडवाच्या दोन टोकांना उभी राहून नुसत्या ओठांनी कडकडून भांडली आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत त्यांचा समेटही झाला. मी आतोबांच्या शेजारीच उभा होतो. मला वाटलं, आतोबा अक्षता खाताहेत.

दुसरं वेड धातूचं. कठडा असो, घंटा असो, पाण्याचा नळ असो, टिचकी मारून कान लावल्याशिवाय ते पुढं जात नसत. आईचा पितळी हंडा त्यांनी असाच वाजवून पाहिला आणि "वहिनी, ह्याला स्वयंपाकघरात कुजवू नका" म्हणत आपल्या शाहिरी पथकासाठी उचलून नेला. तो परत आला तेव्हा त्याला पोचे पडले होते. झांजा, थाळे, गिरणीच्या भंगारातली टांगलेली लोखंडी कांब आणि वर आतोबांचा आवाज, असं ते गिरणीतल्याच सोबत्यांचं पथक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या आणि परळपासून दादरपर्यंत त्यांना मागणी आली. माझा मुलगा हल्ली खोलीचं दार लावून जे ऐकतो त्याला हेवी मेटल म्हणतात. मी त्याला सांगतो, "हे आमच्या आतोबांनी केव्हाच करून ठेवलंय, तेही विजेशिवाय." त्यावर तो माझ्याकडे अशा दयाळू नजरेनं बघतो, की मलाच माझं वय आठवतं.

या पथकात आतोबांचा जीव एकाच माणसात होता. तो त्यांचा झीलकरी, शेजारच्या खोलीतला धोंडूदादा. आतोबांची ओळ संपली की मागून "जी जी रं जी" अशी लांबलचक झील ओढायची, हे त्याचं काम. आतोबांचा आवाज पत्र्याचा, धोंडूदादाचा सायीचा. पण गिरणीतली कापसाची धूळ त्याच्या छातीत उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता गावाकडची हवा, आणि गाणं बंद. तेव्हा आतोबांनी हट्ट धरला, की हा जायच्या आधी पथकाची तबकडी निघालीच पाहिजे.

"त्यापेक्षा त्येचो फोटो काढून ठेवा," आत्या म्हणाली.

"फोटो झील देतो काय गो?"

गिरगावातल्या एका हौशी तबकडीवाल्यानं त्यांना बोलावलं. आत्या भाकऱ्या बांधून सोबत गेली, म्हणून पुढची हकिकत घरात आली. आतोबांनी पहिला सूर लावताच यंत्राचा काटा टोकाला जाऊन आपटला. तबकडीवाला म्हणाला, "शाहीर, जरा मागं." मग आणखी मागं. असं करत करत आतोबा खोलीबाहेर जिन्याच्या तोंडाशी पोचले. धोंडूदादा मात्र माइकसमोर. तेवढ्यात खाली रस्त्यावर कल्हईवाल्यानं आरोळी ठोकली, म्हणून आतल्या कुणीतरी काच बसवलेलं दार ओढून घेतलं, आणि गाणं सुरू झालं.

गाणं झकास झालं. काटा शहाण्यासारखा हलत होता, झांजा जागच्या जागी, झील जिथल्या तिथं. वाजवून बघितलं तेव्हा कळलं, की शाहीरच गायब! गाणं चालू असताना काचेपलीकडून आतोबांचे नुसते हलणारे ओठ दिसत होते, आणि पथकातल्या एकालाही आवाज येत नसल्याचा पत्ता नव्हता. गिरणीत रोज वाचत तसे ते ओठ वाचत होते आणि बरोबर वेळेवर जबाब देत होते. तबकडीवर आतोबांच्या जागी नुसती झांज होती, आणि खूप लांबून भोंगा व्हावा तशी काहीतरी गुणगुण.

तबकडीवाल्यानं कपाळावर हात मारला. "शाहीर, तुमचा शब्द नाही आला. परत घेऊ."

"घेऊ की," म्हणत धोंडूदादा भिंतीला धरून उठायला लागला. त्याच्या छातीचा भाता आत्याला चार हातांवरून ऐकू येत होता. आतोबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "बस रे, धोंड्या." मग तबकडीवाल्याकडे वळून म्हणाले, "हीच छापा. माझा आवाज ऐकायला लालबाग आहे."

धोंडूदादा गावी गेला आणि परतला नाही. तबकडी थोडीशीच खपली. शाहिराविना पोवाडा घेणार कोण? पण महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी आतोबांच्या चाळीच्या चौकात कुणीतरी ती लावली. झांज वाजली, मोकळी जागा आली, आणि गाणं तर सगळ्यांना पाठ! अख्खा चौक, गॅलऱ्यांसकट, आतोबांची ओळ गायला. मागून एकटा धोंडूदादा म्हणाला, "जी जी रं जी." त्यानंतर सणासुदीला ती तशीच वाजू लागली, मधली जागा माणसांनी भरायची म्हणून. आतोबा गर्वानं सांगत, "बाकीच्यांच्या तबकड्या ऐकायच्या असतात. आमची गावी लागते."

शेवटच्या आजारात त्यांचा आवाज गेला. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा आत्यानं ग्रामोफोनला चावी दिली. झांज सुरू झाली. आतोबा उशीला टेकून ओठ हलवू लागले. मला एक अक्षर कळेना. आत्या समोर बसून त्यांच्या ओठांवर डोळे लावून ताल धरत होती. त्यांचे ओठ थांबले, आणि त्याच क्षणी, जराही न चुकता, तबकडीतून धोंडूदादाची झील उठली.

आत्या माझ्याकडे वळली. "ऐकलंस मा रे?"

"हो," मी म्हणालो.